भांडण लावणारी तिसरी गोळी

‘कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, शिंकांसाठी सेट्रिझिन घेतली तर चालेल का?’ पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. पलीकडचा मुलगा मान डोलावतो, कात्रीने स्ट्रिप कापतो, चार गोळ्या कागदी पुडीत घालतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याचं उत्तर बरोबर असतं. सेट्रिझिन आणि अ‍ॅटोरवास्टॅटिन यांचं एकमेकांशी वैर नाही. लेव्होसेट्रिझिन आणि रोझुव्हास्टॅटिन यांचंही नाही. सकाळी एक आणि रात्री एक घ्या, किंवा रात्री जेवणानंतर दोन्ही एकाच घोटाबरोबर घ्या, फरक पडत नाही.

मग बिघडतं कुठे? बिघडतं ते या दोघींच्या मधे तिसरं कुणी आलं की. नायट्यासाठी दिलेली कॅप्सूल, सायनससाठी दिलेलं अँटिबायोटिक, ‘सर्दीची’ म्हणून मिळालेली चार औषधांची मिश्र गोळी, अ‍ॅसिडिटीचं गुलाबी पातळ औषध, कधी चक्क फळाचा रस. याबद्दल काउंटरवर कुणी विचारत नाही आणि कुणी आपणहून सांगतही नाही.

पन्नाशीनंतर ही दोन्ही औषधं एकाच माणसाच्या डब्यात दिसणं आपल्याकडे अगदी नेहमीचं झालं आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन एकदा सुरू झालं की बहुधा कायमचं असतं. अ‍ॅलर्जीला आपल्या हवेत बारमाही निमित्तं आहेत. पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी, गादीतले धूळकिडे, दिवाळीआधी माळा साफ करताना उडणारी धूळ, आणि पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्याला पहिल्यांदा नजरेत आलेलं, मग देशभर पसरलेलं गाजर गवत. त्यामुळे रोजची गोळी आणि अधूनमधूनची गोळी यांची गाठ पडणारच.

ती कुठे पडते, हे पाहायला यकृतात शिरावं लागतं. गिळलेल्या बऱ्याचशा औषधांची मोडतोड तिथे होते. यकृत म्हणजे गल्लीतली पिठाची गिरणी समजा. डबे रांगेत लागलेले असतात आणि दळण आपल्या गतीने चाललेलं असतं. तेवढ्यात कुणी ओलं धान्य जात्यात टाकलं की दगड चिकटतो आणि मागचे डबे न दळता पडून राहतात. औषधाचा डबा न दळता पडून राहिला, तर रक्तातलं त्याचं प्रमाण वाढत जातं. रोज एकच गोळी घेऊनही अंगात तीन-चार गोळ्यांइतकं औषध फिरू लागतं. या गिरणीतलं सगळ्यात मोठं जातं म्हणजे सीवायपी-३ए-४ नावाचं एन्झाइम. अ‍ॅटोरवास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन त्याच्याच रांगेत उभी असतात. रोझुव्हास्टॅटिन मात्र बव्हंशी न मोडताच शरीराबाहेर पडतं.

सेट्रिझिन या रांगेत येतच नाही म्हटलं तरी चालेल. तिचा मोठा भाग जसाच्या तसा मूत्रपिंडांतून लघवीवाटे जातो. लेव्होसेट्रिझिन हा तिचाच कामाचा अर्धा भाग. दहा मिलिग्रॅमचं काम ती पाच मिलिग्रॅममध्ये करते आणि वाटही तीच धरते. फेक्सोफेनाडिनही यकृताला फारसा त्रास देत नाही, ती मुख्यतः शौचावाटे जाते. लोराटाडिन मात्र त्या जात्यावर दळली जाते. पण तिची पातळी थोडी वाढली तरी मोठं नुकसान होत नाही, आणि ती स्वतः स्टॅटिनचं दळणही अडवत नाही. काउंटरवरच्या मुलाचं ‘चालेल’ हे एवढ्या भांडवलावर उभं असतं, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचा इतिहास मात्र नेहमीच इतका निरुपद्रवी नव्हता. १९८५ साली अमेरिकेत टर्फेनाडिन नावाची गोळी आली. तोवरच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेतल्या की माणूस पेंगायचा. ही घेऊन माणूस गाडी चालवू शकत होता, कचेरीत काम करू शकत होता. तिचा खप प्रचंड झाला. १९९० साली एका वैद्यकीय नियतकालिकात ३९ वर्षांच्या एका बाईंची हकिकत छापून आली. त्या टर्फेनाडिन नेमून दिलेल्या मात्रेतच घेत होत्या. त्यात बुरशीच्या संसर्गासाठी त्यांनी कीटोकोनाझोल सुरू केलं. त्यांना चक्कर येऊ लागली, शुद्ध हरपू लागली. हृदयाच्या आलेखात ठोक्यांची जी लय दिसली ती जिवावर बेतणारी होती.

कारण शोधताना लक्षात आलं की टर्फेनाडिन पोटात गेल्यावर यकृत ती झटपट मोडून तिचं दुसऱ्याच पदार्थात रूपांतर करतं, आणि अ‍ॅलर्जीवर काम करतो तो हा दुसरा पदार्थ. मूळ टर्फेनाडिन रक्तात जवळपास सापडतच नाही. कीटोकोनाझोलने जातं अडवल्यावर मात्र ती तशीच रक्तात साठली आणि हृदयाच्या विद्युतप्रवाहात लुडबुड करू लागली. त्या काळात कॅनडात एक वेगळाच योगायोग घडला होता. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि दारू यांचा संबंध तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिली. फेलोडिपिनची रक्तातली पातळी भलतीच चढलेली निघाली आणि त्यात दारूचा काही हात नव्हता, सगळा प्रताप रसाचा होता. १९८९ साली ही गोष्ट बाहेर आली. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्यं आतड्याच्या भिंतीतलं हेच जातं बंद पाडतात. पुढे टर्फेनाडिनच्या बाबतीतही या रसाचा धोका सिद्ध झाला.

मग शास्त्रज्ञांनी सरळ उपाय केला. टर्फेनाडिन मोडून जो कामाचा पदार्थ तयार होतो, तोच गोळीत भरला. १९९६ साली मान्यता मिळालेली ती गोळी म्हणजे फेक्सोफेनाडिन. टर्फेनाडिन १९९८पर्यंत अमेरिकेच्या बाजारातून गेली आणि तिच्यासारखाच दोष असलेली अ‍ॅस्टेमिझोल १९९९ साली. आज औषधांच्या कागदावर ‘इतर औषधांबरोबर’ असा जो लांबलचक भाग असतो, तो इतक्या गांभीर्याने लिहिला जाण्यामागे या शिंकांच्या गोळीचा मोठा हात आहे.

स्टॅटिनची कथा वेगळ्या ठिकाणी सुरू होते, पण त्याच वळणावर येते. १९७३ साली तोक्योमध्ये अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशींची छाननी केल्यावर तांदळावर वाढणाऱ्या एका निळसर बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ शोधला. जी बुरशी आपल्याला शिंका आणते तिच्याच एका भाऊबंदाने हृदयविकाराचं औषध दाखवून दिलं, ही मला औषधशास्त्रातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. (बुरशीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी घाबरू नये. अ‍ॅटोरवास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन कारखान्यात रसायनांपासूनच बनतात.) पहिलं स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत विक्रीला आलं.

२००१च्या ऑगस्टमध्ये सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन जगभरातून मागे घ्यावं लागलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या स्नायूंच्या पेशी फुटल्या, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. एकट्या अमेरिकेत तोवर ३१ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यातले बरेच रुग्ण सोबत जेमफायब्रोझिल हे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध घेत होते. जेमफायब्रोझिल अडवतं ते जातं वेगळं, सीवायपी-२सी-८. याच जात्यावर अ‍ॅलर्जीतलं एक लोकप्रिय औषध दळलं जातं, ते म्हणजे मॉन्टेलुकास्ट. लेव्होसेट्रिझिनबरोबर एकाच गोळीत आपल्याकडे ते सर्रास दिलं जातं. जेमफायब्रोझिल सोबत असलं तर मॉन्टेलुकास्टची रक्तातली मात्रा चौपटीच्या पुढे जाते. औषधाच्या माहितीपत्रकात त्यासाठी डोस कमी करायला सांगितलेलं नाही. पण मॉन्टेलुकास्टने काहींना भयानक स्वप्नं पडतात, चिडचिड होते, उदास वाटतं, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषधनियंत्रक संस्थेने २०२०च्या मार्चमध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आहे. तेव्हा चौपट पातळी मुद्दाम कशाला ओढवून घ्यायची? हल्ली ट्रायग्लिसराइडसाठी बहुतेक डॉक्टर फेनोफायब्रेट देतात. ते या भानगडीत पडत नाही. आपल्या चिठ्ठीवर दोन्हींतलं कुठलं आहे तेवढं एकदा पाहून ठेवावं.

प्रत्यक्षात आपल्या घरांत होणारा घोटाळा बराच साधा असतो. गेल्या काही वर्षांत नायटा, गजकर्ण हे त्वचेचे बुरशीजन्य आजार हट्टी झाले आहेत. दमट हवा, घट्ट कपडे आणि मलमांतली स्टेरॉइडं यांनी त्यांना खतपाणी घातलं. या हट्टी नायट्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे चालतात, आणि खाज येते म्हणून सोबत अ‍ॅलर्जीची गोळी दिली जाते. रुग्ण त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो तेव्हा त्याच्या मनात त्वचाच असते. रोज रात्रीची अ‍ॅटोरवास्टॅटिन सांगायचं त्याला सुचत नाही. इट्राकोनाझोल हे कीटोकोनाझोलचं सख्खं भावंड. त्याच्या संगतीत अ‍ॅटोरवास्टॅटिनची मात्रा तिपटीच्या आसपास जाते. सिमव्हास्टॅटिनची इतकी वाढते की ही जोडी सरळ निषिद्ध मानली आहे. पाय दुखू लागले, जिना चढवेना, की रुग्ण दोष देतो अ‍ॅलर्जीच्या गोळीला, कारण नवीन म्हणून तीच त्याच्या लक्षात असते.

दुसरा तसाच पाहुणा म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन. अ‍ॅलर्जीची सर्दी लांबली, सायनस भरले, घसा बसला की कधीकधी हे अँटिबायोटिक लिहिलं जातं. तेही तेच जातं अडवतं, आणि अ‍ॅटोरवास्टॅटिनच्या बाबतीत इट्राकोनाझोलपेक्षा कमी नाही. एरिथ्रोमायसिन त्याच गोत्रातलं. अझिथ्रोमायसिन नावाने जवळचं असलं तरी या जात्याच्या वाटेला फारसं जात नाही. डॉक्टरांना स्टॅटिनचं नाव कळलं तर त्यांच्यापुढे बरेच मार्ग असतात. दुसरं अँटिबायोटिक देता येतं, नायट्यासाठी टर्बिनाफिन देता येतं, अ‍ॅटोरवास्टॅटिनचा डोस मर्यादित ठेवता येतो, किंवा पाच-सात दिवसांचा कोर्स असेल तर तेवढे दिवस स्टॅटिन थांबवता येतं. पण थांबवायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाने ते परस्पर करू नये.

इथे ती कात्रीने कापलेली स्ट्रिप आडवी येते. स्ट्रिपच्या एका टोकाला औषधाचं नाव आणि मुदत छापलेली असते. चार गोळ्या कापून घेतल्या की अनेकदा ते टोक दुकानातच राहतं आणि घरी येतो तो नुसता चंदेरी तुकडा, ज्यावर नावाची दोनच अक्षरं उरलेली असतात. मग डॉक्टर विचारतात, ‘कुठली गोळी घेता?’ आणि उत्तर येतं, ‘पांढरी, छोटी, वाटोळी.’ स्टॅटिन पांढरी, छोटी, वाटोळी असते. सेट्रिझिनही असते. अर्धी स्ट्रिप घ्यायचीच असेल तर नावाचं टोक आपल्या वाट्याला मागून घ्यावं, नाहीतर घेण्यापूर्वी मोबाइलवर तिचा फोटो काढावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्यावं.

अ‍ॅलर्जीच्या नव्या गोळ्यांकडेही जरा निरखून पाहायला हवं, कारण सगळ्या सेट्रिझिनसारख्या नाहीत. रुपाटाडिन हल्ली बरीच लिहिली जाते. ती सीवायपी-३ए-४ वरच दळली जाते. तिच्या चाचण्यांत काही जणांच्या रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, वाढलेलं आढळलं होतं, त्रास काही नसताना. म्हणून तिच्या माहितीपत्रकातच ‘स्टॅटिनबरोबर जपून’ असं लिहिलेलं आहे. जपून याचा अर्थ वर्ज्य असा नाही, पण स्टॅटिन घेणाऱ्या माणसाला तितकीच गुणकारी दुसरी गोळी मिळत असेल तर रुपाटाडिनचा हट्ट धरण्यात मला अर्थ दिसत नाही. एबास्टिनही याच रांगेतली. तिच्याबरोबर एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनाझोल नको, टर्फेनाडिनच्याच कारणासाठी.

बिलास्टिन या बाबतीत गुणी. ती यकृतात मोडली जात नाही, गुंगीही फारशी आणत नाही. तिचं नखरेलपण वेगळं आहे, तिला रिकामं पोट लागतं. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. अन्नाबरोबर घेतली की तिचा जवळपास तीस टक्के भाग वाया जातो. फळाच्या रसाबरोबरही तेच. फेक्सोफेनाडिनला अन्नापेक्षा रसाचं वावडं. संत्री, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांचा रस आतड्यातून औषध आत खेचणाऱ्या वाहक प्रथिनांना अडवतो आणि गोळीचा परिणाम बराच घटतो. म्हणजे एकच ग्रेपफ्रूटचा रस स्टॅटिनची पातळी वाढवतो आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीची उतरवतो. नाश्त्याला रस आणि गोळी एकत्र घेऊन ‘या गोळीने काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी साधं पाणी वापरून पाहावं.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं कुणी खात नाही, पण त्याचं मूळ आपल्या परसात आहे. पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट जन्माला आलं, आणि पपनसातही फ्युरॅनोकुमरिन असतात. कोकणात नि गोव्यात भाद्रपदात पपनसं तयार होतात, गोव्यात गणपतीपुढच्या माटोळीला ती टांगली जातात आणि विसर्जनानंतर घरोघरी सोलली जातात. चार फोडींनी अ‍ॅटोरवास्टॅटिन घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. इशारे आहेत ते रोज मोठ्या प्रमाणात रस पिण्याबद्दलचे. सिमव्हास्टॅटिनवाल्यांनी मात्र हात जरा आखडता घ्यावा, आणि त्याच आठवड्यांत इट्राकोनाझोल चालू असेल तर पपनस शेजाऱ्यांना द्यावं.

अँटासिडचं प्रकरण याच्या उलट दिशेचं. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं पातळ अँटासिड फेक्सोफेनाडिनबरोबर घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. रोझुव्हास्टॅटिनबरोबर लगेच घेतलं तर तिचंही प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. धोका काही नाही, पण पैसे टाकून घेतलेली गोळी फुकट जाते. दोन तासांचं अंतर ठेवलं की प्रश्न मिटला.

आता ‘सर्दीची गोळी’. नाव एकवचनी, माल मात्र भरगच्च. एखाद्या नेहमीच्या स्ट्रिपची मागची बाजू भिंगातून वाचली तर सापडतं ते असं: पॅरासिटॅमॉल, ताप असो वा नसो, क्लोरफेनिरामिन, म्हणजे जुन्या पिढीचं, गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध, फेनिलेफ्रिन, नाक मोकळं करायला, आणि काहींत गुंगी झटकायला कॅफीन. एक झोपवणार, दुसरं उठवणार. यातलं काहीही स्टॅटिनशी थेट भांडत नाही, पण स्टॅटिन घेणारा माणूस बहुधा एकटं स्टॅटिन घेत नसतो. त्याला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, साठीनंतरच्या पुरुषाला प्रोस्टेट असतं. क्लोरफेनिरामिनने वाढलेल्या प्रोस्टेटवाल्याची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब चढू शकतो, आणि रात्री उठताना म्हातारं माणूस धडपडू शकतं. नाक मोकळं करणारी औषधं रक्तवाहिन्या आकुंचित करतात. स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब वाढतो, हृदयाची धडधड वाढते. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनने तर नाक मोकळं होतच नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने २०२३च्या सप्टेंबरमध्ये एकमताने दिला. म्हणजे चारांतलं एक औषध फुकटचंच. नाकातले थेंब काम करतात, पण झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन-चार दिवसांपुढे चालवले की नाक उलट जास्तच चोंदतं आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो.

अ‍ॅलर्जीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या मागून घेणारेही भेटतात. बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन घेतलं की शिंका, खाज, पित्ताच्या गांधी सगळं एका दिवसात शांत होतं, म्हणून ‘मागच्या वेळची ती छोटी गोळी द्या’ असा लकडा लागतो. ही गोळी वारंवार घेतली की साखर चढते, रक्तदाब चढतो, वजन चढतं आणि चरबीचा हिशेबही बिघडतो. ज्या अहवालासाठी स्टॅटिन सुरू केलं तोच अहवाल खराब करायचा हा घरगुती मार्ग आहे. याउलट नाकात मारायचे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचे स्प्रे नाकापुरतेच काम करतात, रक्तात अगदी नगण्य उतरतात आणि स्टॅटिनशी त्यांचा काही तंटा नाही. लोक त्यांना घाबरतात आणि स्टेरॉइडची गोळी मात्र बिनधास्त गिळतात! बारमाही नाक वाहणाऱ्या माणसाला खरं तर हा स्प्रेच सगळ्यात सोयीचा. फक्त तो नियमाने मारावा लागतो आणि गुण यायला काही दिवस जातात.

एक वेगळाच गोंधळ खोकल्याचा. स्टॅटिनच्या शेजारी डब्यात अनेकदा रामिप्रिल किंवा एनालाप्रिल असतं. या गटाच्या औषधांनी बऱ्याच जणांना कोरडा, खवखवणारा खोकला लागतो. तो अ‍ॅलर्जीचा समजून महिनोन् महिने अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, काढे, वाफारे चालू राहतात. औषध बदललं की काही आठवड्यांत खोकला जातो. क्वचित याच औषधांनी ओठ, जीभ सुजते. तेव्हा मात्र अ‍ॅलर्जीची गोळी गिळून वाट पाहत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. अधूनमधून एखादी कांडी ठीक, पण रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेला तर शरीरात मीठ-पाणी साचून रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं आणि स्नायूंत अशक्तपणा येतो. हा अशक्तपणा मग स्टॅटिनच्या नावावर खपतो.

स्नायूंच्या दुखण्याचं बिल स्टॅटिनच्या नावावर फाडायची सवय एकूणच फार आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० साली सॅम्सन नावाचा छोटा पण चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना वर्षभरासाठी बाटल्या दिल्या. काही महिने खरं स्टॅटिन, काही महिने तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या, काही महिने रिकामी बाटली. स्टॅटिनच्या महिन्यांत जितका त्रास नोंदला गेला, त्याच्या नव्वद टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळ्यांनीही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण औषध नव्हतं. अ‍ॅलर्जीच्या मोसमात, सर्दी-तापाच्या दिवसांत अंग दुखतंच. तेव्हा दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं वाटलं म्हणून स्टॅटिन फेकून देऊ नये.

खरा धोका ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड एकसारखे दुखणं, दाबलं की ठणकणं, खुर्चीतून उठायला हात टेकावे लागणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होणं. असं झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रक्तातलं सीपीके आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासलं की उलगडा होतो. जाताना गेल्या महिनाभरात पोटात गेलेलं सगळं सोबत न्यावं, संपलेल्या स्ट्रिपसुद्धा, कारण गुन्हेगार बहुधा त्यांतच असतो.

क्रिएटिनिनचा संबंध सेट्रिझिनशीही आहे. तिची वाट मूत्रपिंडांतून जाते, त्यामुळे मधुमेहाने किंवा वयाने मूत्रपिंडं मंदावलेल्या माणसाच्या अंगात ती जास्त वेळ रेंगाळते. दुपारी बारापर्यंत डोळे जड असतील तर डोस निम्मा करायची वेळ आली असावी, हे डॉक्टरांना विचारावं. रात्रीची वेळ सेट्रिझिनला सोयीची ती गुंगीमुळे. अ‍ॅटोरवास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन शरीरात बराच काळ टिकतात, म्हणून त्यांना रात्र-सकाळ सारखीच. सिमव्हास्टॅटिन अल्पजीवी, ती मात्र रात्रीच घ्यायची.

आणि वर्षानुवर्षं रोज सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन घेणाऱ्यांसाठी अगदी अलीकडची एक गोष्ट. २०२५च्या मे महिन्यात एफडीएने कळवलं, की दीर्घकाळ रोज घेतलेली ही गोळी अचानक बंद केल्यावर काही थोड्या लोकांना काही दिवसांतच अंगभर जबर खाज सुटते, आधी खाज नसलेल्यांनाही. ‘गोळ्या फार झाल्या’ म्हणून एखाद्याने सेट्रिझिन सोडली, तिकडे स्टॅटिन चालूच आहे आणि अंगाला खाज सुटली, तर संशय स्टॅटिनवर जाणार हे उघड आहे. अशा वेळी आधी सेट्रिझिन कधी सोडली ते आठवावं. पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांची खाज थांबली. काहींना ती मग डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी कमी करत बंद करता आली.